पाठवणीचा कर्णा

ज्या घरातलं माणूस वर्षाच्या आत गेलंय, त्या घराने हो म्हटल्याशिवाय आमच्या मोहल्ल्यात लग्नाचा कर्णा वाजत नाही. लग्न गरिबाचं असो नाहीतर शहराच्या हाकिमाचं, आधी त्या दाराशी जायचं, चहा प्यायचा, गेलेल्यासाठी दुवा मागायची आणि मान खाली घालून विचारायचं. आमचं तर घरच कर्ण्याचं. आधी माझा सासरा, मग नवरा, आता मुलगा इनोयत. मर्गिलान शहराच्या या अंगाला आमच्या कर्ण्याशिवाय नवरी उंबरा ओलांडत नसे. त्याच घराला आता परवानगी मागायची होती, आणि तीही सत्तोरकडे.

नातीची, ओयदिनची, तारीख ठरली तशी मी स्वच्छ रुमाल डोक्याला बांधला आणि तंदूरमधल्या गरम रोट्या फडक्यात गुंडाळल्या.

"ओयी, मी येऊ सोबत?" सून कुम्रीने विचारलं. मुलगा आणि सून, दोघंही मला ओयी म्हणतात, म्हणजे आई.

"तू येशील आणि दारातच हुंदके देशील. मग मागायचं कोणी? बस घरी. गाजरं चिरायचा सराव कर, पुलावाला डोंगरभर लागतील."

सत्तोरचं घर लांब नाही. मध्ये पाण्याचा पाट आणि तुतीची झाडं, एवढंच. पण ती वाट मला सरता सरेना. गेल्या पानगळीत त्याच अंगणात मी, या वयात, गिरकी घेऊन नाचले होते. सत्तोरची मुलगी मुकद्दस नवरी होती. ती आणि आमची ओयदिन एकमेकींच्या बारीक वेण्या घालत मोठ्या झालेल्या. मुकद्दस आमच्याकडे जेवली की ओयदिन त्यांच्याकडे झोपायची. आणि त्या पाठवणीला कर्णा माझ्या इनोयतने वाजवला होता.

त्याच्या वाजवण्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

कर्णा म्हणजे माणसाहून लांब पितळी नळा. त्याला भोक नाही, कळ नाही. सनईवाल्याला बोटं नाचवता येतात. कर्णेवाल्याकडे ओठ आणि छाती, बस. म्हणून लोकांना वाटतं, हे अंगमेहनतीचं काम, फुंकलं जोरात की झालं. जोरात फुंकायला हमरोकुलसुद्धा पुरतो. हा हमरोकुल पलीकडच्या गावचा, इनोयतच्याच वयाचा, सगळे दात सोन्याचे, पोटाचा नगारा पुढे घेऊन चालणारा. त्याचा कर्णा ऐकला की मला वाटायचं, म्हैस चिखलात रुतलीय आणि धन्याला हाका मारतेय. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं होतं.

"अम्मा, म्हैस दूध तरी देते ना?" तो हसत म्हणाला.

"देते. तुझं तेही नाही."

इनोयतचं वेगळं. लहानपणी बापाने त्याला बोरूची नळी तोंडात देऊन पाण्याच्या वाडग्यासमोर बसवलं. फुंकत राहायचं, बुडबुडे तुटले की कानशिलात. पुढे तो ताश्कंदला शिकला आणि तिथल्या मोठ्या नाट्यगृहात, काळा कोट घालून, कितीतरी वर्षं ट्रम्पेट वाजवत होता. मी एकदा गेले होते ऐकायला. खंडीभर माणसं एकदम वाजवत होती, मला त्यातलं काही कळत नव्हतं, खुर्ची मात्र मऊ होती. मग सगळे थांबले आणि माझा एकटा मुलगा वाजवू लागला. माझ्या शेजारची रशियन बाई, गळ्यात मोती, पिशवीत रुमाल शोधायला लागली. मी माझा दिला. "माझा मुलगा आहे तो," मी म्हटलं. तिला माझी भाषा येत नव्हती, तरी तिने माझा हात दाबला.

बाप गेला तेव्हा घरातला कर्णा मुका झाला. इनोयतने काळा कोट खुंटीला लावला आणि परत आला. ताश्कंदचे लोक म्हणाले, वेडा आहे. तिथे तो गाजला असता, परदेशात गेला असता. मीही विचारलं त्याला, हे पितळेचं धूड घेऊन काय करणार? तो म्हणाला, "ओयी, हा अजून कोणी हळू वाजवलेला नाही."

कर्णा हळू! मी हसले होते. उंटाला कुजबुजायला शिकवण्यातला प्रकार. पण तो रोज संध्याकाळी कापसाच्या शेतापलीकडे जायचा आणि ओठ सुजवून परत यायचा. ओठ फुटायचे, कुम्री त्यावर साय लावायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणि मग एका लग्नात त्याने वाजवलं. सुरुवात सगळ्यांसारखी, आभाळ फाडणारी. तिथून त्याने तो आवाज उतरवत आणला, पायरी पायरीने, तुटू न देता, इतका खाली की पुलाव खाणाऱ्यांचे हात ताटात थांबले. डोंगराच्या पलीकडून कोणीतरी आपलंच नाव घेतंय, असं वाटलं. त्यानंतर कोकंद, अंदिजान, कुठून कुठून वाजवणारे नुसते ऐकायला येऊ लागले. हमरोकुलसुद्धा यायचा. मागे उभा राहायचा आणि एक शब्द न बोलता जायचा.

पण त्याच्या मनातला खरा सूर त्याने कुठल्याच लग्नात वाजवला नव्हता. तो ओयदिनच्या पाठवणीचा होता. पोर रांगत होती तेव्हापासून तो त्यावर बसला होता. दरवर्षी त्यात थोडं बदलायचा, थोडं काढून टाकायचा. आमच्या अंगणात संध्याकाळी तो वाजवायचा आणि ती खाटेवर तो ऐकत ऐकत झोपायची. "ओयी, गाडी वळणाआड जाते ना," तो मला म्हणाला होता, "आणि बापाला वाटत राहतं, अजून ऐकू येतेय. तेवढंच वाजवायचंय."

मग तो मुकद्दसच्या लग्नात का वाजवला, असं विचाराल. सत्तोरनेच मागितला. पाटापलीकडून तोही ऐकत आला होता ना इतकी वर्षं. आदल्या दिवशी आमच्या दारात येऊन म्हणाला, "इनोयत, माझ्या पोरीला तुझ्या पोरीसारखी पाठव." शेजाऱ्याला नाही कसं म्हणायचं? आणि मुकद्दस काय परकी होती?

त्या दिवशी गाडीचा ड्रायव्हरसुद्धा रडला. मी रडले, आणि मी सहसा रडत नाही, मला वेळ नसतो. फक्त नवऱ्याकडच्या एका म्हातारीने गळ्यापाशी कॉलर ओढून आत तीनदा थू-थू केलं. "लग्नात हा कसला विलाप?" ती म्हणाली. कर्णा आनंदाचा असतो. मयतीला आमच्यात कर्णा कोणी वाजवत नाही. तिचं तिच्या परीने बरोबर होतं.

हिवाळ्यात मुकद्दस गेली. गॅस बंद, नवरा कामावर, बंद खोलीत कोळशाची शेगडी. सकाळी सासूने हाक मारली तर ओ नाही. तिच्या पोटात मूलही होतं.

मरणाचं कारण समोर दिसत असलं तरी लोकांचं भागत नाही, त्यांना कोणीतरी माणूस लागतो. शेगडीला कोण शिव्या देणार? आधी म्हणू लागले, कर्णा रडला होता, त्याला आधीच कळलं होतं. वसंत येईपर्यंत ते झालं, कर्ण्याने तिला बोलावून घेतलं. तोंडावर कोणी बोलत नव्हतं. "इनोयत-आका, यंदा साधंच उरकतोय," एवढंच. आणि मग त्यांच्याच गल्लीतून हमरोकुलची म्हैस ऐकू यायची.

मी गप्प बसणारी नाही. तंदूरपाशी, पाटावर, जिथे बाई भेटेल तिथे विचारलं, "शेगडी माझ्या मुलाने पेटवली का गं? खिडकी माझ्या मुलाने लावली?" "तसं नाही अम्मा," म्हणायच्या आणि रोट्या घेऊन पळायच्या. इनोयत मात्र दुपारी शहरातल्या संगीतशाळेत ट्रम्पेट शिकवून यायचा आणि शेतापलीकडे जायचा. लग्नं गेली, बोलावणी गेली, त्याने कशाचीच तक्रार केली नाही. त्याला एकच दिवस हवा होता. ओयदिनची पाठवणी त्याला वाजवायची होती. त्यानंतर कर्णा चुलीत घाला म्हणाला असता.

म्हणून त्या वाटेवर माझे पाय जड झाले होते.

सत्तोरच्या घरी त्याची बायको सओदत निळ्या कपड्यात होती, सुतकाच्या. तिने चहा ओतला. सत्तोरने माझ्याच रोटीचा तुकडा मोडून माझ्यापुढे ठेवला. आम्ही मुकद्दससाठी दुवा मागितली, तोंडावरून हात फिरवले. मग मी म्हटलं, "सत्तोर, ओयदिनचं ठरलंय. तू म्हणशील तर कर्णा वाजेल. नाही म्हणशील तर गुपचूप पाठवू, मनात काही ठेवणार नाही."

"वाजू दे, अम्मा," तो म्हणाला. "ओयदिन माझ्या मांडीवर वाढलीय. मी स्वतः येईन. सओदतही येईल."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी चहाचा घोट घेतला, आणि तो पोटात जायच्या आत तो म्हणाला, "पण इनोयतने वाजवू नये."

"बाप आहे तो तिचा."

"मीही होतो."

"सत्तोर, तो सूर तू मागितला होतास. माझ्या दारात उभा राहून. मी तिथेच होते, गहू निवडत."

"हो," तो म्हणाला. "मीच मागितला. म्हणून तर, अम्मा." त्याने वाटी खाली ठेवली ती कलंडली, चहा सतरंजीवर सांडला. सओदत पुसायला धावली. माझ्या जिभेवर बरंच होतं, पण ज्याची पोर गेलीय त्याला किती बोलायचं?

सओदत मला पाटापर्यंत सोडायला आली. मागे वळून दाराकडे बघत हळूच म्हणाली, "अम्मा, मला तो सूर झोपेत ऐकू येतो. मला बरं वाटतं त्याने. यांना सांगू नका हं."

घरी इनोयत अंगणात बसून कर्णा राखेने घासत होता. पितळ असं लखलखत होतं की त्यात तुतीची पानं दिसावीत.

"मिळाली परवानगी?"

"मिळाली."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. माझं तोंड खोटं बोलायला शिकलेलं नाही, ही माझी खोड.

"बरं," तो म्हणाला. "मग हमरोकुलला निरोप देतो."

"त्या म्हशीला? माझ्या नातीच्या लग्नात?"

"मग कर्ण्याशिवाय काढायची पोर घरातून? लोक म्हणतील, काहीतरी खोट आहे."

"लोक गेले खड्ड्यात! तू वाजव. बघते कोण अडवतो. मी उभी राहते दारात."

"ओयी, परवानगी मागायला आपणच गेलो होतो ना? मग दिली तेवढी घ्यायची." त्याने कर्ण्याचे तुकडे एकातून एक काढले, फडक्यात गुंडाळले आणि आत नेऊन ठेवले. आत ओयदिन आपल्या रजया मोजत बसली होती. तिने सगळं ऐकलं असणार. ती रजया पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. मला वाटलं, बापासाठी जीव तुटत असेल पोरीचा.

लग्नाच्या दिवशी उजाडताच पुरुषांचा पुलाव झाला. इनोयत फाटकात उभा, डोक्यावर टोपी, अंगावर रेशमी झगा, उजवा हात छातीवर. "या, या, घर तुमचंच." येणारा प्रत्येक जण आधी त्याच्याकडे बघे, मग कर्णा धरलेल्या हमरोकुलकडे, मग पायाखाली. हमरोकुल फुंकत होता आणि मी कढईपाशी दात आवळत होते. कुम्री म्हणाली, "ओयी, तेवढं वाईट नाही वाजवत." मी म्हटलं, "तू कांदा बघ, करपतोय."

दुपार कलली तशी नवऱ्याकडची मंडळी आली. बायकांनी डफावर निरोपाची गाणी धरली. ओयदिन पांढऱ्या ओढणीखाली बाहेर आली, बापापुढे वाकली. इनोयतने दोन्ही तळवे उघडून दुवा दिली, सगळ्यांनी आमीन म्हटलं. फितींनी सजवलेली गाडी फाटकात उभी होती. सत्तोर आणि सओदत भिंतीपाशी उभे होते, बोलल्याप्रमाणे आले होते. आता कर्ण्याची वेळ.

हमरोकुलने कर्णा आभाळाकडे उचलला, आणि खाली घेतला. चालत इनोयतपाशी आला, सगळ्या गर्दीतून.

"इनोयत-आका," तो मोठ्याने म्हणाला, "मी म्हैस आहे. अम्मांनी मला स्पष्ट सांगितलंय. आणि अम्मा खोटं बोलत नाहीत. नवरीला म्हशीने पाठवू नये. हा घ्या."

लोक हसले, आणि लगेच सगळ्यांचे डोळे भिंतीकडे गेले. सत्तोर मान खाली घालून उभा होता. सओदत त्याच्याकडे बघत होती. मग त्याने मान वर केली, हात छातीवर ठेवला.

"वाजव, इनोयत." घसा खाकरून पुन्हा म्हणाला, "माझं ऐक. वाजव."

या तोंडाने मी हमरोकुलला किती बोल लावले होते, आणि तो जे करून बसला ते सख्ख्या भावाने केलं नसतं. मी ओले हात झग्याला पुसले आणि पुढे येऊन मुलाच्या शेजारी उभी राहिले. इनोयतने कर्णा घेतला. ओठांवरून जीभ फिरवली. नळा वर गेला, त्याचं रुंद तोंड तुतीच्या शेंड्यांच्याही वर. त्याची छाती भरू लागली. ती छाती मी ओळखते. त्याच्या बापाचीही अशीच भरायची.

ओयदिनचा एक पाय गाडीत होता. ती वळली. तिने ओढणी वर केली, नवरीने करू नये तरी केली. चेहरा पिठासारखा पांढरा.

"आदा," ती म्हणाली. बापाला ती आदा म्हणते. "आदा, नको ना. मला नको."

फार बारीक आवाज होता. डफ थांबले नसते तर कोणाला ऐकूही गेला नसता. पण माझ्या मुलाने उभा जन्म बारीक आवाज ऐकण्यात घालवला होता.

त्याने कर्णा खाली घेतला. भरलेला श्वास नाकातून सोडला, सावकाश. ओठ टेकवायची वाटी बाहीने पुसली, आपण दुसऱ्याचं भांडं परत करताना पुसतो तशी, आणि कर्णा हमरोकुलच्या हातात दिला.

"बरं, बाळा," तो ओयदिनला म्हणाला, हसून. "बस गाडीत. थंडी आहे, काच लाव."

मग हमरोकुलला, "वाजव. मोठ्याने वाजव. पाटापलीकडे कळू दे, कोणाची पोर चाललीय."

"आका, मी…"

"वाजव म्हटलं ना!"

हमरोकुलने वाजवलं. खोटं कशाला सांगू, छान वाजवलं. गाल फुगवून, चहूकडे फिरत, खिदळणाऱ्या आनंदाचं, लग्नाला शोभणारं. त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊन दाढीत जात होतं आणि तो थांबला नाही. गाडी हलली. बायका ओरडल्या, कोणी मिठाई उधळली. सत्तोर भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मला नातीचा राग यायला हवा होता. आलाही, घशापर्यंत. पण तिच्या मैत्रिणीला त्या सुरानेच त्या रस्त्याने नेलं होतं आणि ती परत आली नव्हती. ती एकोणीस वर्षांची पोर, अनोळखी घरात निघालेली, काय म्हणणार होती? बापाचा सूर सुंदर आहे, म्हणून मरायची भीती बाजूला ठेवते? सत्तोरलाही काही बोलता येईना, त्याने तर दिलं होतं. आयुष्यभर माझ्या जिभेला कधी माणूस कमी पडलं नाही. त्या दिवशी फाटकात उभी राहून शोधलं, एकही सापडलं नाही.

गाडी वळणापाशी गेली. इनोयत हात छातीवर ठेवून तिकडे बघत होता, चेहऱ्यावर तेच यजमानाचं हसू. मी त्याचा दंड धरला आणि मला त्याच्या अंगातलं काहीतरी हलताना जाणवलं. वर पाहिलं तर त्याचे ओठ आवळलेले, कोपऱ्यांत घट्ट, मधे जरासे उघडे, कर्ण्याला लावतात तसे. छाती खाली खाली उतरत होती. त्यातून हवा येत होती, नुसती हवा, हमरोकुलच्या गदारोळाखाली, पायरी पायरीने, कुठेही न तुटता.

मी त्याच्या शेजारी होते म्हणून मला कळलं. गाडी दिसेनाशी झाली, मिठाईसाठी पोरं धूळ उडवू लागली, पाहुणे आत वळले, तरी तो फुंकतच होता.